सॉफ्टवेअरची सामानयादी उघडी हवी

डिसेंबर २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात जगभरातल्या बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती आणि त्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपन्या एकाच प्रश्नाने हैराण झाल्या होत्या: 'लॉगफोरजे आपल्याकडे आहे का?' लॉगफोरजे ही जावा भाषेतली, फुकट मिळणारी एक लायब्ररी. प्रोग्राम चालू असताना काय काय घडले, याच्या नोंदी ठेवणे एवढेच तिचे काम. अलिबाबा क्लाउडमधल्या एका अभियंत्याने नोव्हेंबरात तिच्यातली त्रुटी कर्त्यांना कळवली आणि ९ डिसेंबरला ती जगजाहीर झाली. नोंदीत एक विशिष्ट मजकूर उमटवला की परक्या माणसाला सर्व्हरवर हवा तो प्रोग्राम चालवता येत होता. दुरुस्त आवृत्ती लगोलग आली. पण ती बसवायची कुठे, हेच अनेकांना कळेना. दिवसच्या दिवस गेले ते ही लायब्ररी आपल्याकडे आहे की नाही, हे शोधण्यात.

इतक्या साध्या प्रश्नाचे उत्तर का सापडू नये? गूगलच्या अभ्यासकांनी तेव्हा मेव्हन सेंट्रल हे जावाचे मुख्य भांडार तपासले. ३५,००० हून अधिक पॅकेजेस बाधित निघाली, म्हणजे भांडारातली आठ टक्क्यांहून जास्त. त्यातल्या बहुतेकांनी लॉगफोरजे स्वतः मागवलेच नव्हते. त्यांनी मागवलेल्या लायब्ररीने दुसरी मागवली होती, दुसरीने तिसरी, आणि अशा पाच-पाच पायऱ्या उतरल्यावर लॉगफोरजे बसलेले होते. घरात कोण कोण राहते हे घरमालकालाच ठाऊक नव्हते.

या परिस्थितीचे खापर सहसा प्रोग्रामरच्या बेपर्वाईवर फोडले जाते. ते अन्यायाचे आहे. दोष बराचसा त्यांच्या हाती दिलेल्या भाषेचा आहे, आणि तीही प्रोग्राम लिहिण्याची भाषा नव्हे. प्रत्येक सॉफ्टवेअर प्रकल्पात एक बिल्ड फाइल असते. कोणत्या बाहेरच्या लायब्रऱ्या घ्यायच्या, कोणत्या आवृत्तीच्या, आणि सगळे एकत्र करून तयार ॲप कसे बांधायचे, हे त्या फाइलमध्ये लिहिलेले असते. या फाइलच्या भाषेने डिपेन्डन्सी, म्हणजे लागणाऱ्या बाहेरच्या लायब्रऱ्या, कशा लिहायला लावायच्या, काय आपोआप करायचे आणि काय करूच द्यायचे नाही, यावर बँकेच्या ॲपची सुरक्षितता ठरते. हा विषय आजवर फक्त तंत्रज्ञांच्या चर्चेत राहिला. तो तिथेच राहू देणे आता परवडणारे नाही.

सुरुवात १९७६ ची. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ प्रोग्राममधली चूक शोधण्यात वाया गेली. चूक केव्हाच दुरुस्त झाली होती, फक्त दुरुस्त फाइल नव्याने कंपाइल झालेली नव्हती. त्यांचा वैताग ऐकून सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' लिहिले. अमुक फाइल तमुक फाइलवर अवलंबून आहे, तमुक बदलली की अमुक पुन्हा बनवायची, एवढे सांगितले की बाकीचे मेक पाहून घेई. या कामासाठी फेल्डमन यांना २००३ चा एसीएमचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला. मेकमध्ये एक खोड मात्र राहून गेली. आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, तिथे स्पेस दिल्या तर चालत नाही. ही अडचण फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आली होती, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी त्यांना विसकटायची नव्हती. ती डझनभरांची सोय आज जवळपास पन्नास वर्षे सगळे जग सांभाळत आहे. बिल्डच्या भाषेत पहिल्या दिवशी जे सोपे किंवा आपोआप ठेवले जाते, ते पुढच्या पिढ्यांना बदलता बदलत नाही.

मेकच्या काळात फाइली बहुतांशी आपल्याच असत. आता प्रकल्पातला पुष्कळसा कोड बाहेरून येतो. २००५ मध्ये आलेल्या, मेव्हन या जावाच्या बिल्ड-साधनाच्या दुसऱ्या पिढीने डिपेन्डन्सीच्या डिपेन्डन्सीसुद्धा आपोआप आणायला सुरुवात केली. सोय मोठीच होती. पण तिच्याबरोबर एक अवघड निवाडा यंत्राकडे गेला.

समजा, एका ॲपने दोन लायब्रऱ्या मागवल्या. पहिलीला नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीची १.२ आवृत्ती हवी आहे, दुसरीला १.५. ॲपमध्ये दोन्हींपैकी एकच राहू शकते. मेव्हन अशा वेळी अंतर मोजते: मूळ प्रकल्पाला जी जवळची ती घ्यायची. अंतर सारखेच असेल तर फाइलमध्ये जिची ओळ आधी, तिची निवड. म्हणजे कुणी फाइल नीटनेटकी दिसावी म्हणून ओळी अक्षरक्रमाने लावल्या, तर ॲपमध्ये वेगळीच आवृत्ती जाऊ शकते. २००८ च्या सुमारास आलेले ग्रेडल मागितलेल्यांपैकी सगळ्यात नवी आवृत्ती उचलते. अँड्रॉइड ॲप्सची बांधणी मुख्यतः याच ग्रेडलने होते. गो या भाषेने २०१८ पासून याच्याच जवळचा, पण अधिक काटेकोर मार्ग धरला. प्रत्येकाने 'निदान ही आवृत्ती हवी' असे सांगायचे, आणि सांगितलेल्यांपैकी सगळ्यात वरची घ्यायची. या उदाहरणात ती १.५ येते. काल रात्री १.९ बाजारात आली असली तरी बिल्ड आज १.५ च घेते, उद्याही आणि पुढच्या वर्षीही, कोणीतरी जाणूनबुजून फाइल बदलेपर्यंत. तिन्ही नियमांमध्ये हा नियम सर्वांत प्रामाणिक आहे, कारण फाइल वाचणाऱ्याला निकाल कागदावर काढता येतो.

दुसरा प्रश्न याहून खोल आहे. लग्नघरचा आचारी आधी सामानाची यादी देतो आणि मग चूल पेटवतो. यादी वाचायला यजमानाला स्वयंपाक यावा लागत नाही. बिल्डच्या अनेक भाषांनी ही दोन कामे एकाच फाइलमध्ये कालवली. ग्रेडलची फाइल ग्रूव्ही किंवा कोटलिनमध्ये लिहिलेला एक पूर्ण प्रोग्राम असतो. त्यात अटी, लूप, फंक्शन, काहीही लिहिता येते. पायथनमध्ये तर कित्येक वर्षे 'सेटअप डॉट पीवाय' ही फाइल चालवल्याशिवाय पॅकेजला काय काय लागते हेच कळत नसे. नुसती यादी पाहायची म्हणून अनोळखी माणसाचा प्रोग्राम आपल्या संगणकावर चालवायचा, ही रीत इतकी वर्षे कोणाला खटकली नाही, याचेच वाईट वाटते.

गूगलने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या बेझल या साधनाचा अनुभव इथे फार शिकवून जातो. बेझलची भाषा स्टारलार्क. ती दिसायला पायथनसारखी, पण मुद्दाम बांधून ठेवलेली: व्हाइल लूप नाही, स्वतःला हाक मारणारे फंक्शन नाही. गूगलच्या आत सगळा कोड एकाच प्रचंड भांडारात असल्यामुळे बाहेरच्या लायब्रऱ्यांचा प्रश्न तिथे फारसा नव्हता. बाहेरच्या जगासाठी 'वर्कस्पेस' नावाची फाइल दिली गेली आणि घोळ तिथे झाला. ती वरून खाली, ओळीमागून ओळ चालत असे. कोणती ओळ आधी आली यावर कोणती आवृत्ती येणार हे ठरे. आपल्या लायब्ररीची स्वतःची वर्कस्पेस फाइल बेझल पाहतच नसे, म्हणून तिला लागणारे सगळे सामान मूळ प्रकल्पाने स्वतःच लिहायचे. मग लायब्ररीचे लेखक 'आमच्या डिपेन्डन्सींसाठी हे फंक्शन बोलवा' म्हणून तयार फंक्शन देत. प्रकल्पवाले ती एकाखाली एक चिकटवत आणि बिल्ड फुटला की ओळी वर-खाली करून पाहत.

सुधारणा आली ती 'मॉड्यूल डॉट बेझल' या नव्या फाइलच्या रूपाने. तिच्यात प्रत्येकाने फक्त आपल्याला थेट लागणाऱ्या गोष्टी लिहायच्या. खालच्या पायऱ्या बेझल स्वतः उतरते आणि निवाडा गोच्या नियमाने करते. विशेष म्हणजे या फाइलमध्ये फंक्शन लिहायला बंदी आहे. फॉर लूपला बंदी आहे, दुसऱ्या फाइलमधून काही उचलून आणायलाही बंदी आहे. ज्यांच्याकडे अख्खी भाषा हाताशी होती, त्यांनी तिचे पंख यादीपुरते स्वतःहून कापले. डिसेंबर २०२३ च्या सातव्या आवृत्तीत ही पद्धत मुख्य झाली. वर्षभराने आलेल्या आठव्या आवृत्तीत जुनी फाइल, मुद्दाम सुरू केली नाही तर, बंदच राहू लागली. हजारो प्रकल्पांना त्यासाठी घाम गाळावा लागला. तो घाम सार्थकी लागला, असेच म्हणावे लागेल.

यादीला जोड हवी ती कुलपाची. लॉक फाइलमध्ये प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती आणि पुष्कळदा तिच्या गठ्ठ्याचा हॅश, म्हणजे बोटांचा ठसा, नोंदलेला असतो. ठसा जुळला नाही तर बिल्ड थांबतो. आवृत्ती पक्की करणारी लॉक फाइल रुबीच्या बंडलरने २०१० मध्येच आणली. ग्रेडलमध्येही तशी सोय २०१८ पासून आहे, पण ती आपणहून चालू करावी लागते. मेव्हनच्या गाभ्यात आजही नाही. जिथे कुलूप ऐच्छिक असते तिथे, कामाच्या घाईत, ते लागतच नाही. ते आपोआप लागावे आणि काढायला कष्ट पडावेत, अशी भाषेची ठेवण हवी.

कुलूप कशाला लावायचे, हेही शहाणपणाने ठरवावे लागते. ३० जानेवारी २०२३ रोजी गिटहबने मागणीनुसार बांधून देण्याच्या कोडच्या गठ्ठ्यांची दाबण्याची पद्धत बदलली. आतल्या फाइली अक्षरन् अक्षर त्याच होत्या, पण गठ्ठ्याचा ठसा बदलला आणि बेझल वापरणारे असंख्य बिल्ड एकदम थांबले. काही तासांत गिटहबला बदल मागे घ्यावा लागला. त्या दिवशी अनेकांनी हॅशलाच नावे ठेवली. खरे तर हॅशने आपले काम चोख केले होते; दर वेळी नव्याने बांधल्या जाणाऱ्या गठ्ठ्यावर भिस्त ठेवणे चुकले होते.

आणि तरीही या सगळ्याला पुरून उरणारे प्रकरण २०२४ मध्ये घडले. मार्चच्या अखेरीस अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या लिनक्स यंत्रणेत एसएसएचचे, म्हणजे दूरच्या संगणकावरून होणारे, लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंदावल्याचे जाणवले. माग काढत ते एक्सझेड या फाइली दाबणाऱ्या साधनापर्यंत पोहोचले. 'जिया टॅन' या नावाने दोनेक वर्षे मदत करून विश्वास कमावलेल्या कोणीतरी त्यात चोरदार बसवले होते. दाराचा कोड चाचणीच्या फाइलींत दडवलेला होता आणि त्याला बाहेर काढणारी ओळ बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये होती. ही ओळ सर्वांना दिसणाऱ्या भांडारात नव्हतीच, ती फक्त वाटपाच्या गठ्ठ्यात होती.

त्याच प्रकल्पातली आणखी एक गोष्ट तर डोळ्यांत तेल घालून पाहिली तरच दिसेल. एक्सझेडच्या सीमेक या बिल्ड-साधनासाठीच्या फाइलमध्ये एका चाचणी-तुकड्यात एकटा एक पूर्णविराम टाकलेला होता. लँडलॉक नावाची सुरक्षेची सोय संगणकावर आहे का, हे तो तुकडा कंपाइल करून ठरत असे. पूर्णविरामामुळे तो कधीच कंपाइल होत नसे. सीमेकचा अर्थ असा: तुकडा बनला नाही, म्हणजे सोय नाही; पुढे चला. चूक दाखवणारा संदेश नाही, बिल्ड थांबणे नाही. सुरक्षा गुपचूप बंद. एका टिंबाला एवढी ताकद देणारी भाषा बदलायलाच हवी. सोय नाही म्हणून तुकडा बनला नाही आणि तुकड्यातच चूक आहे म्हणून बनला नाही, या दोन गोष्टी भाषेने वेगळ्या ओळखल्या पाहिजेत.

कुलपाविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. आवृत्ती पक्की केली की त्रुटीही पक्की होते. लॉगफोरजेची दुरुस्ती रेंगाळली, त्याचे एक कारण हेच होते: वरच्या प्रत्येक पायरीवरच्या माणसाला आपापली फाइल बदलून नवी आवृत्ती काढावी लागली. पण यावर उपाय म्हणून आवृत्ती मोकळी सोडली, तर दुरुस्तीसाठी उघडलेल्या दारातून विषही येते. एक्सझेडची बाधित आवृत्तीही 'ताजी' म्हणूनच आली होती. त्यापेक्षा यादी वाचून 'ही आवृत्ती धोक्याची आहे' असे रोज सांगणारे यंत्र असावे आणि बदल माणसाने पाहून मंजूर करावा. यादी उघडी आणि साधी असेल तरच असे यंत्र ती वाचू शकते.

भारतात या मागणीला आता नियमांचे बळ मिळाले आहे. मुंबईच्या सेबीने ऑगस्ट २०२४ च्या सायबर सुरक्षा चौकटीत सॉफ्टवेअरच्या घटकयादीचा, म्हणजे एसबीओएमचा, समावेश केला. ऑक्टोबरमध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने तिच्याविषयी तांत्रिक मार्गदर्शन काढले. ते सरकारी खात्यांइतकेच सॉफ्टवेअर सेवा आणि निर्यात करणाऱ्या कंपन्यांनाही उद्देशून आहे, त्यामुळे हिंजवडी, ऐरोली आणि नागपूरच्या मिहानमधल्या कंपन्यांचा त्याच्याशी थेट संबंध येतो. धोका एवढाच की ही यादी तपासणीच्या आदल्या आठवड्यात एक्सेलमध्ये हाताने भरली जाईल. तशी यादी पुढच्या लॉगफोरजेच्या दिवशी काडीच्या उपयोगाची नसेल.

म्हणून नियमात दोन गोष्टींची भर पडायला हवी. घटकयादी ज्या बिल्डमधून ॲप निघाले त्याच बिल्डच्या लॉक फाइलमधून निघालेली असावी, आणि तीच यादी वापरून दुसऱ्या संगणकावर तेच ॲप पुन्हा बांधून दाखवता यावे. महाराष्ट्र शासनाच्या सॉफ्टवेअर खरेदीच्या निविदांमध्येही ही अट घालता येईल. पायथनच्या समुदायाने मार्च २०२५ मध्ये लॉक फाइलचा सामायिक आराखडा मंजूर केला आहे, गो आणि रस्टमध्ये तशी सोय आधीच हाताशी आहे, ग्रेडलमध्ये ती चालू करायला मोजक्या ओळी पुरतात. पुरवठादाराला यातले काहीच अशक्य म्हणता येणार नाही.