कच्चे मडके कोणाचे?

संत गोरा कुंभारांची थापटण्याची कथा आम्ही गेली अनेक वर्षे पदवीच्या वर्गात शिकवीत आलो आहोत. संतमेळ्यात गोरोबाकाका एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारतात आणि नामदेव कच्चे मडके ठरतात. मडके म्हणजे देह, भाजणे म्हणजे गुरुकृपा, असा अन्वयार्थ सांगून आम्ही पुढील घटकाकडे वळतो. एकदा शहागडहून येणारा, कुंभाराच्या घरचा एक विद्यार्थी तास संपल्यावर म्हणाला, "सर, थापटणं ओल्या मडक्याला असतं. आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून थापटायचं, म्हणजे अंग पातळ होतं. भाजलेलं मडकं आम्ही बोटानं वाजवून बघतो." त्याने कथेत चूक काढली नव्हती, वस्तू तेवढी ओळखली होती. आम्ही थापटणे कधी हातातही घेतलेले नव्हते.

शहागड हे अंबड तालुक्यातील, पैठणच्या खाली गोदाकाठी वसलेले गाव. संक्रांतीच्या आदल्या दिवशी तेथे रस्त्याच्या कडेला आम्ही पाच सुगडे घेतली आणि सांगितलेल्या पन्नास रुपयांचे चाळीस केले. एक सुगड धुराने काळवंडले होते, ते बदलूनही घेतले. पुढच्याच महिन्यात पुण्यातील एका प्रदर्शनात राकू पद्धतीचा एक पेला बाराशे रुपयांना घेतला. तेथे घासाघीस करण्याचे सुचलेही नाही. त्या पेल्याचे सौंदर्य कशात होते? धुराने काळवंडण्यात!

राकूचा उगम सोळाव्या शतकातील क्योतोचा. चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू यांची अभिरुची आणि चोजिरो या कारागिराचा हात यांतून ही भांडी जन्मली. ती चाकावर न फिरविता हाताने घडवितात आणि लालबुंद असतानाच चिमट्याने भट्टीबाहेर काढतात. तापलेले भांडे भुशात वा पाल्यात कोंडून त्यावर धूर घेण्याची आज रूढ असलेली रीत मात्र १९६० च्या सुमारास अमेरिकेतील पॉल सोल्डनर यांच्या प्रयोगांतून पसरली. झिलईच्या तड्यांत धूर शिरतो, काळे जाळे उमटते आणि कोणतीही दोन भांडी सारखी होत नाहीत. असे भांडे बहुधा सच्छिद्र राहते, म्हणून ते शोभेला ठेवतात. आमचा पेलाही पुस्तकांच्या कपाटातच आहे. कुंभाराचा माठही सच्छिद्रच, पण त्याच गुणाने तो उन्हाळाभर पाणी गार ठेवतो.

वास्तविक धूर कोंडणे आपल्या मातीला नवे नाही. मातीत लोह असते. भाजताना हवा मिळाली तर भांडे तांबडे होते, हवा कोंडली तर काळे. विदर्भातील शिलावर्तुळांत सापडणारी काळी-तांबडी भांडी याच जाणतेपणाची साक्ष देतात. मग एकाच धुराला एकीकडे शैली आणि दुसरीकडे दोष का म्हणावे?

आमच्या मते याची दोन कारणे आहेत. पहिले, नाव. राकू हे एका घराण्याचेही नाव आहे. २०१९ मध्ये त्याची धुरा सोळाव्या पिढीकडे आली. आपल्या सुगडावर कोणाचेच नाव नसते, आणि समीक्षेने आम्हांला कर्त्याच्या नावाशिवाय कृतीकडे पाहावयास फारसे शिकविलेले नाही. दुसरे कारण बलुत्याचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 'गावगाड्या'त (१९१५) वर्णिलेल्या व्यवस्थेत कुंभाराला सुगीला धान्य मिळे; एकेका मडक्याचा दाम ठरत नसे. बलुते गेले, रोख व्यवहार आला. परंतु मडके जवळजवळ फुकटच असते, ही ग्राहकाची समजूत मात्र राहिली.

यावर कोणी म्हणेल, सुगड महाग झाले तर गरिबाने वाण कशात द्यावे? आक्षेप रास्त आहे. सुगडाला पेल्याची किंमत यावी, असे आम्ही म्हणत नाही. शहागडच्या कुंभाराने राकू करावे, असेही नाही. ज्या दहा रुपयांनी आमचे काहीच अडत नव्हते, ते सोडवून घेताना आम्हांला व्यवहारचातुर्य वाटले, एवढेच आम्हांला खटकते. कुंभाराला आम्ही परमेश्वराचे रूपक केले. रूपकाला पोट नसते.

तो विद्यार्थी आता स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. चाकावर बसणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. परंपरा जप, असे त्याला सांगण्याचा अधिकार चाळीस रुपये देणाऱ्या आम्हांला नाही. यंदा गोरोबांचा पाठ आला, तेव्हा आम्ही त्याला घरचे थापटणे घेऊन वर्गात बोलाविले. त्याने ते बाकावर ठेवले. लाकूड हाताच्या पकडीपाशी झिजून गुळगुळीत झाले होते. अन्वयार्थ आम्ही त्यानंतर सांगितला, आणि तो नेहमीपेक्षा बराच थोडक्यात आटोपला.