गुळगुळीत बाबासाहेब कुणाला हवेत?

जयंतीचे फ्लेक्स पाहा. गुलाबी गाल, कपाळावर एक आठी नाही. छपाईवाल्याला दोष देऊ नका. ऑर्डर आपली, पसंतीही आपली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा घेतली तेव्हा मधुमेहाने त्यांचे शरीर पोखरले होते, हातात काठी होती. तो थकलेला चेहरा आपण का लपवतो? २५ नोव्हेंबर १९४९ ला राजकारणातल्या भक्तीविरुद्ध इशारा देणाऱ्या माणसाचा आपण देव करून टाकला!

म्हणून पोरांनो, एअरब्रश शिका. ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग. आधी ठिपके, रेघा, छटा, चेहरा नंतर. हे हत्यार फसवे आहे बरं का. फवारा जात्याच मऊ, त्यामुळे कातडी आपोआप मेणासारखी होते. खरे काम त्यानंतरचे. डोळ्यांखालची सूज पातळ रंगाचे थरावर थर देऊन आणायची, सुरकुतीवरचा उजेड खोडरबराने किंवा ब्लेडच्या टोकाने खरवडून काढायचा.

"संगणकावर दहा मिनिटांत होतं," म्हणतील. होतं ना! तिथे सुरकुतीही एका बटणात पुसली जाते. ब्रश धरणाऱ्याला मात्र ती जागरणे आठवडाभर बघावी लागतात. येत्या जयंतीला मंडळाने फ्लेक्सच्या पैशांतून आधी एक कॉम्प्रेसर घ्यावा.