पाटीवर तिचे नाव नाही

घरातल्या जुन्या वस्तूंवरून मागच्या पिढ्या समजून घ्यायच्या, तर वस्तू कुणाविषयी बोलते आणि कुणाविषयी गप्प राहते, हे आधी विचारायला हवे.

पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकांच्या घरी ब्रिटिश सरकारने काशाची एक गोल पाटी पाठवली. सुमारे १२ सेंटिमीटरची. तिच्यावर ब्रिटानिया ही साम्राज्याची देवी, सिंह, मृताचे नाव आणि ‘स्वातंत्र्य व सन्मानासाठी त्याने प्राण दिले’ या अर्थाची इंग्रजी ओळ. गुलाम देशातल्या शिपायाच्या घरी स्वातंत्र्याची ही पावती! पाटीवर बाई आहे, पण विधवेचे नाव नाही.

आमच्या घरी अशी एक पाटी आहे. पणजोबा मेसोपोटेमियात गेले. तिथल्या कूत या गावी वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनने २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. त्या फौजेत मराठा पलटणीही होत्या. पणजोबांची शौर्यकथा घरातले पुरुष रंगवून सांगतात. पणजीविषयी मात्र कळले ते आजीकडून. दीर जमीन कसत, धान्य मोजून देत. पेन्शनसाठी ती तालुक्याला चालत जाई, आणि आपण पाट लावलेला नाही याचा दाखला दरवर्षी पाटलाकडून आणी. तिचे वय तेव्हा विशीच्या आतबाहेर. पाटी ती दुधाच्या भांड्यावर झाकायची. ‘अडाणी बाई, किंमत कळली नाही,’ असे आजही म्हटले जाते. मला तर ती किंमत तिलाच नेमकी कळली होती असे वाटते.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. स्वतंत्र भारतातही शौर्यपदकाबरोबरचा भत्ता विधवेने पुनर्विवाह केल्यास बंद होई. १९९५ नंतर दिराशी लग्न केले तरच तो चालू राही. ही अट संरक्षण मंत्रालयाने काढली ती २०१७ मध्ये. बाई आणि पैसा दोन्ही घरातच राहावेत, हाच त्यामागचा हिशेब.

म्हणून मैत्रिणींनो, आपापल्या गटांत म्हाताऱ्या बायकांना बोलते करू या. पदक कुणाला मिळाले एवढ्यावर न थांबता विचारू या : त्यानंतर जमीन कुणाच्या नावावर झाली? पेन्शन कुणाच्या हातात पडे? तिला पुन्हा लग्न करायचे होते का? ही उत्तरे कुठल्याही धातूवर कोरलेली नाहीत. सांगणाऱ्या आज्या आहेत तोवरच ती लिहून घेता येतील.