गाणे थांबले तरी नाव ऐकू आले पाहिजे

आपल्या शाळेत वर्षभरात जेवढे कार्यक्रम होतात, त्यांतल्या बहुतेकांत एक स्लाइड शो असतोच. २६ जुलैचा कारगिल विजय दिवस असो, १५ ऑगस्ट असो, नाहीतर बारावीच्या मुलांचा निरोप समारंभ. चित्रे आली की मागे गाणे हवेच, असे आपण धरूनच चालतो. मला या बाबतीत दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली ही की, प्रत्येक स्लाइड शोला संगीत लागतेच असे नाही, आणि वीरांच्या स्लाइड शोला तर ते फार जपून लावावे. दुसरी ही की, लावायचे ठरलेच तर ते हॉलमध्ये नीट वाजेल याची तयारी परेडच्या तयारीइतकी मनापासून करावी.

जबलपूरमध्ये हा विषय साधा राहत नाही. कारगिल युद्धासाठी चार जणांना परमवीर चक्र मिळाले. त्यांपैकी कॅप्टन विक्रम बत्रा आणि रायफलमन संजय कुमार हे १३ जम्मू अँड काश्मीर रायफल्सचे, तर ग्रेनेडियर योगेंद्र सिंह यादव हे १८ ग्रेनेडियर्सचे. या दोन्ही रेजिमेंटची केंद्रे आपल्याच शहरात आहेत. चौथे कॅप्टन मनोज कुमार पांडे हे १/११ गोरखा रायफल्सचे. १९६५ च्या युद्धात खेमकरणजवळ रणगाडे उद्ध्वस्त करणारे अब्दुल हमीद हेही ४ ग्रेनेडियर्सचेच. म्हणजे २६ जुलैला आपण पडद्यावर जी चित्रे दाखवतो, ती आपल्या पुस्तकातली असली तरी समोर बसलेल्या एखाद्या पालकाच्या पलटणीतली असू शकतात.

आता अशा स्लाइड शोमध्ये बहुतेक वेळा काय होते ते पाहा. पहिल्या स्लाइडपासून शेवटच्या स्लाइडपर्यंत एकच करुण गाणे लावलेले असते. चारही परमवीरांचे फोटो त्याच सुरात येतात आणि जातात. पण या चौघांपैकी संजय कुमार आणि योगेंद्र सिंह यादव हे दोघे युद्धातून परत आले. दोघांनी त्यानंतर अनेक वर्षे सैन्यात सेवा केली. त्यांच्या फोटोमागे शोकगीत वाजवणे म्हणजे जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहण्यासारखे आहे. हे कुणी मुद्दाम करत नाही. गाणे निवडताना स्लाइडवर काय आहे हे वाचलेले नसते, एवढेच.

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीच्या गाण्याचे. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे गीत आपल्या मध्य प्रदेशातल्या बडनगरचे कवी प्रदीप यांनी १९६२ च्या चीन युद्धातल्या शहिदांसाठी लिहिले. चाल सी. रामचंद्र यांची, म्हणजे आपल्या मराठी रामचंद्र चितळकरांची. २७ जानेवारी १९६३ रोजी लता मंगेशकरांनी ते दिल्लीत पहिल्यांदा गायले. २०२२ पासून ते बीटिंग रिट्रीटमध्येही वाजू लागले. इतके मोठे गाणे आपण क्रीडा स्पर्धेच्या स्लाइड शोलाही लावतो, आणि वेळ संपली की कडव्याच्या मधेच तोडतो. ज्या गाण्याला आपण मान देतो असे म्हणतो, त्याला अर्ध्या ओळीत गप्प करणे हा मान नव्हे.

सैन्याकडे या प्रसंगांसाठी स्वतःचे संगीत आहे. शहीद स्मारकावर बिगुलावर ‘लास्ट पोस्ट’ वाजते, मग शांतता पाळली जाते आणि त्यानंतर ‘राउझ’ वाजते. त्या क्रमात शांतता हाही एक भागच आहे. कुणी ती ‘रिकामी जागा’ समजून भरायला जात नाही. मग आपल्या स्लाइड शोमध्ये शांततेची एवढी भीती का?

यावर मित्र म्हणतात, ‘संगीत नसले तर सहावीची मुले पाच मिनिटेही बसणार नाहीत.’ या म्हणण्यात तथ्य आहे. नुसती चित्रे सरकत राहिली तर मोठेही चुळबुळ करतात. पण लहान मुलांना बसवून ठेवायला गाणेच लागते असे नाही. माणसाचा आवाजही चालतो. आणि हे आपल्या मराठी लोकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ नावाचे खेळ दाखवायला सुरुवात केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर मोठी करून दाखवायची, असा तो खेळ होता. आजच्या भाषेत तो स्लाइड शोच. रामायण-महाभारताच्या कथा असत, सर्कसही असे. पटवर्धनांची मुलेही या कामात होती. चित्र बदलले की निवेदन बदलायचे, आणि संवाद व गाणी तिथल्या तिथे म्हटली जायची. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो मूकपट होता. मूकपटांच्या काळात वाद्ये पडद्याजवळ बसून प्रत्यक्ष वाजवली जात. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि मग आवाज चित्रपटाच्या आतच येऊन बसला.

या इतिहासातून मला एक गोष्ट कळते. शांबरिक खरोलिकेत चित्र आणि आवाज यांची चुकामूक होणे अवघड होते, कारण आवाज देणारा माणूस स्वतः चित्राकडे पाहत होता. चित्र अडकले तर तो दोन वाक्ये जास्त बोलू शकत होता. आपण आवाज फाइलमध्ये घातला आणि तो माणूस उठून गेला. त्यामुळे आता आवाज बंद पडला की हॉलमध्ये काय करायचे हे कुणालाच माहीत नसते. एका कार्यक्रमात मी असे पाहिले आहे. शहिदांची नावे चालू असताना गाणे थांबले, मग लॅपटॉपचा टिंग असा आवाज आला आणि मागच्या रांगेत हसू फुटले. हसणारी मुले वाईट नव्हती. पण त्या वेळी पडद्यावर ज्यांचे नाव होते ते कुणीही वाचले नाही.

आपण अशा वेळी म्हणतो, ‘ऐन वेळी सिस्टिमने दगा दिला.’ मला हे पटत नाही. आवाज न येण्याची कारणे मोजकी आहेत, आणि जवळजवळ सगळी आदल्या दिवशी सापडतात.

सर्वांत जुने कारण म्हणजे फाइल मागे राहणे. पॉवरपॉइंटच्या २००७ पर्यंतच्या आवृत्त्यांत एमपीथ्री गाणे प्रेझेंटेशनच्या आत साठवले जात नसे, त्याचा फक्त पत्ता साठवला जाई. पेनड्राइव्हवर नुसते प्रेझेंटेशन नेले की गाणे कॉम्प्युटर रूममध्येच राहायचे. २०१० नंतर गाणे आत साठवले जाते, पण ‘लिंक’ करून घातले असेल किंवा जुनी फाइल पुन्हा वापरली असेल तर आजही हेच घडते. दुसरे कारण, पहिली स्लाइड बदलली की गाणे थांबणे. पॉवरपॉइंट गाणे त्या एका स्लाइडपुरतेच धरते. ‘प्ले अक्रॉस स्लाइड्स’ किंवा ‘प्ले इन बॅकग्राउंड’ निवडले तर ते पुढे चालू राहते. तिसरे कारण फाइलच्या प्रकाराचे. व्हॉट्सॲपवर आलेला व्हॉइस मेसेज ओपस प्रकारचा असतो आणि तो पॉवरपॉइंटमध्ये अनेकदा चालत नाही. फाइलच्या नावाचा शेवट बदलून एमपीथ्री लिहिले म्हणजे ती एमपीथ्री होत नाही. ती रीतसर बदलून घ्यावी लागते. एमपीथ्री, एम४ए किंवा वेव्ह फाइल सहसा त्रास देत नाही. फक्त वेव्ह फाइल जड असते. सीडीच्या दर्जाच्या वेव्हला एका मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात, तर १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीला सुमारे १ एमबी.

चौथे कारण सगळ्यांत जास्त फसवते. लॅपटॉपवर खोलीत गाणे छान वाजते, पण हॉलमध्ये एचडीएमआय केबल लावली की लॅपटॉप आवाज प्रोजेक्टरकडे पाठवू लागतो. प्रोजेक्टरला स्पीकर नसेल तर सगळे शांत, असेल तर डासासारखा आवाज. अशा वेळी खाली उजवीकडच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आवाज कुठून बाहेर पडावा ते बदलायचे, आणि हेडफोनच्या जागेतून वेगळी वायर ॲम्प्लिफायरला जोडायची. जुन्या प्रोजेक्टरची व्हीजीए केबल असेल तर तिच्यातून आवाज जातच नाही, त्यामुळे ही वेगळी वायर लागतेच. वायर जोडल्यावर घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. बऱ्याचदा तो तिथूनच येतो. स्लाइड गूगलवर केल्या असतील तर इंटरनेट लागते, आणि गाण्याची फाइल ड्राइव्हवर ‘शेअर’ केलेली नसेल तर दुसऱ्याच्या खात्यावरून ती वाजत नाही.

शेवटचे कारण साध्या गणिताचे. ३० स्लाइड प्रत्येकी ८ सेकंद दाखवल्या तर २४० सेकंद, म्हणजे ४ मिनिटे होतात. गाणे ६ मिनिटांचे असेल तर ते मधेच तुटणार. ते ‘ट्रिम’ करून कडव्याच्या शेवटी कापावे आणि ‘फेड आउट’ने हळूहळू उतरवावे. हे करायला पाच मिनिटे पुरतात.

यात एकही गोष्ट अशी नाही की जी दहावीच्या मुलाला जमणार नाही. मग ती होत का नाही? कारण आपण तिला काम समजत नाही. २६ जानेवारीच्या परेडसाठी उस्ताद आम्हाला महिनाभर ग्राउंडवर घेतात. एका मुलाचा हात चुकला तरी पूर्ण प्लाटून पुन्हा पहिल्यापासून चालते. तीच शाळा स्लाइड शो मात्र पाहुणे बसल्यावर पहिल्यांदा उघडते. आपल्या शहरात सिग्नल्सचे प्रशिक्षण केंद्र आहे. सिग्नल्सचे ब्रीद आहे ‘तीव्र चौकस’. वायरलेसवरचा जवान खरा संदेश पाठवण्याआधी समोरच्याला आवाज नीट येतो का ते विचारून घेतो. आपल्या हॉलमध्येही तेवढे विचारायला काय हरकत आहे?

‘हे कॉम्प्युटरच्या सरांचे काम आहे’ असेही काही जण म्हणतील. सरांनी शिकवावे, हे खरे. पण सर एकटे आणि कार्यक्रम पंधरा. शिवाय ज्या मुलाने स्लाइड बनवल्या त्यालाच माहीत असते की कुठल्या स्लाइडवर काय यायला हवे. पडद्याची आणि आवाजाची जबाबदारी प्रत्येक कार्यक्रमासाठी एका कॅडेटवर नावानिशी सोपवावी, जशी गार्ड ड्यूटी असते तशी.

येत्या २६ जुलैसाठी माझ्या तीन सूचना आहेत. वीरांच्या स्लाइडवर गाणे लावू नये. एका कॅडेटने माइकवर नाव, पलटण आणि कामगिरी वाचावी, आणि त्या वाचनाप्रमाणे स्लाइड बदलावी. वीज गेली तरी वाचन थांबू नये. संगीत सुरुवातीला पाहुणे येत असताना आणि शेवटी असावे, आणि ते शक्यतो आपल्याच बँडचे असावे. आपला बिगुलवाला स्टेजच्या बाजूला उभा असताना ‘लास्ट पोस्ट’ मोबाइलवरून वाजवण्याचे काही कारण नाही. तिसरी सूचना, आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये, त्याच लॅपटॉपवर, त्याच वायरींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा पूर्ण चालवून पाहावे. शेवटच्या रांगेत एक मुलगा बसवावा आणि त्याला सगळे ऐकू आले की नाही ते विचारावे.

निरोप समारंभात मात्र हवी ती गाणी वाजू द्यात. तिथे गाणे अडकले तर सगळे मिळून हसतील आणि उरलेले तोंडाने म्हणतील, त्यात कुणाचे काही बिघडत नाही. पण जो माणूस आपल्यासाठी डोंगरावर चढला, त्याचे नाव घेण्याचे काम आपण आधी तपासून न पाहिलेल्या फाइलवर टाकू नये.