कैलासाचा हजेरीपट

६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडी येथे भरविण्यात आली आणि तीत तीर्थक्षेत्रांच्या व स्मारकांच्या विकासासाठी एकंदर ५,५०३ कोटी रुपयांच्या आराखड्यांना मान्यता मिळाली. त्यांतील सर्वांत मोठा, १,८६५ कोटींचा आराखडा तुळजापूरचा आहे. तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. तेलंगणातून येणारा यात्रेकरू याच वाटेने नळदुर्गाकडे आणि तेथून देवीकडे जातो. अशा गावातील चहावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांना या निधीची आशा वाटावी हे स्वाभाविक आहे, आणि त्या आशेला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण या पैशाबरोबर एक विचारसरणीही गावोगाव उतरत आहे. राजे धर्मनिष्ठ होते, त्यांनी देवळे उभारली, प्रजा सुखी होती आणि देवळांतील शिल्पे हा त्या सुवर्णयुगाचा दाखला आहे, असे व्यासपीठांवरून सांगितले जाते. आजच्या राज्यकर्त्यांनी देवळांवर खर्च केला की तेही त्या राजांच्या पंक्तीला बसतात, हा त्याचा न बोललेला उत्तरार्ध.

शिल्पे खरोखर काय सांगतात हे राजमंदिरातच जाऊन पाहिले पाहिजे. आणि मराठवाड्यात वेरूळच्या कैलासाइतके निःसंशय राजमंदिर दुसरे नाही. जळकोटच्या शेतात नांगराला लागतो त्याच काळ्या फत्तराचा हा डोंगर. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, कारकीर्द सुमारे ७५६ ते ७७३, याच्या नावावर हे काम इतिहासात नोंदले गेले आहे. मुख्य काम त्याच्याच काळात झाले असे म. के. ढवळीकरांचे मत, तर ते अनेक राजांच्या काळात टप्प्याटप्प्याने झाले असे हर्मन गोएट्झ यांचे. डोंगरात तीन बाजूंनी खोल चर खणले, मध्ये उरलेला प्रचंड खडक माथ्यापासून पायथ्याकडे कोरीत आणला. काढून टाकलेला दगड दीड ते दोन लाख टन असावा असा अंदाज आहे. बांधीव देवळात चुकलेला चिरा बदलता येतो. येथे एक घाव चुकला तर तो कायमचा चुकला.

या मंदिराच्या दक्षिण अंगाला, खालच्या पातळीवर, रावणाचे प्रसिद्ध शिल्प आहे. रावण कैलास पर्वत हलवीत आहे, वर पार्वती भयाने शंकराला बिलगली आहे, एक दासी पळत सुटली आहे, आणि शंकर निश्चिंत बसून पायाच्या दाबाने पर्वत स्थिर करीत आहे. उन्मत्ताचे गर्वहरण, असा याचा अर्थ कीर्तनकार सांगतात. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. हे राष्ट्रकूट मूळचे बदामीच्या चालुक्यांचे मांडलिक. कृष्णाचा पुतण्या दंतिदुर्ग याने ७५३ च्या सुमारास आपल्या स्वामीचेच आसन हलविले आणि स्वतः सम्राटपद घेतले. म्हणजे ज्यांनी कालपर्यंत धन्याचा पर्वत खालून हलविला, तेच वर जाऊन बसताच पर्वत हलविणाऱ्याला पायाखाली दाबून दाखवितात! नव्या सत्ताधाऱ्यांना बंडाचे भय सर्वांत अधिक असते, कारण बंड कसे यशस्वी होते हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक असते. मांडलिकांना, सरदारांना, आणि अर्थात रयतेलाही, या शिल्पातून मिळणारी ताकीद स्पष्ट होती. प्रांगणातील दोन उत्तुंग स्तंभ आणि गंगा, यमुना, सरस्वती यांच्या मूर्तींचे स्वतंत्र देवालय हीसुद्धा त्याच भाषेतील विधाने आहेत. दक्षिणेतल्या डोंगरात उत्तरेच्या नद्या कोरणे म्हणजे कोठवरच्या पाण्यावर आपला हक्क आहे, हे सांगणे.

या विधानांचा खर्च कोठून आला? राष्ट्रकूटांचे दानपत्रांचे ताम्रपट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावेत. गाव दान देताना त्याबरोबर काय काय दिले याची यादी त्यांत असते. धान्यरूपाने व रोख येणारा कर, दंडाचे उत्पन्न, आणि त्याच दमात त्या गावातून उत्पन्न होणारी ‘विष्टि’. विष्टि म्हणजे वेठ. माणसांचे फुकटचे श्रम ही उसाच्या फडासारखी गावाची एक पैदास, ती एका मालकाकडून दुसऱ्याकडे ताम्रपटाने जाते. आळतेकरांनी राष्ट्रकूटांच्या राज्यव्यवस्थेचा तपशील १९३४ सालीच मांडला होता. दामोदर कोसंबींनी पुढे प्राचीन समाजाचा अर्थ उत्पादनाच्या साधनांवरून लावावयास शिकविले. शेतकऱ्याच्या पोटाला लागते त्याहून वरकड जे निघेल ते राजाकडे गेले, आणि त्याचा एक भाग दगडात गोठला. तो हिंदू राजा होता म्हणून वेठ हलकी झाली नाही. जळकोटच्या वडीलधाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेनेचे चिलखती दल नळदुर्गावरून जळकोटात शिरले, त्या दिवसापर्यंत या मुलखाने निजामी अमलातील वेठबिगारीही पाहिली होती. धर्म बदलला तरी ओझे वाहणारी पाठ तीच राहिली. पुढे कोरलेला देव दर्शनाला उघडला म्हणजे त्या पाठीला उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागे, हेही याच व्यवस्थेचे अंग. त्यासाठी १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह व्हावा लागला आणि १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात प्राण पणाला लावावे लागले.

बडोदे येथे सापडलेला राष्ट्रकूट कर्काचा ८१२-१३ सालचा ताम्रपट या मंदिराची स्तुती करतो. आकाशातून जाणारे देव ते पाहून थक्क होतात आणि खुद्द ते घडविणाराही आपल्या हातून हे झाले कसे, अशा विस्मयात पडतो, असा त्याचा आशय आहे. राजाचे नाव त्यात आहे. घडविणाऱ्याचा विस्मय आहे, त्याचे नाव मात्र नाही. याच्या अगोदर थोडीच वर्षे पट्टदकल येथे राणी लोकमहादेवीने बांधविलेल्या मंदिरावर गुंड या स्थपतीचे नाव आणि त्याला मिळालेली ‘त्रिभुवनाचारी’ ही पदवी कोरलेली आहे, तेव्हा नाव लिहिण्याची चाल नव्हती असे म्हणता येणार नाही. अर्थात तोही मान मुख्य स्थपतीचा. पाटीतून डबर वाहणाऱ्याला कोणत्याच दरबारात पदवी मिळाली नाही. उलट लोककथा पाहावी. राणी माणिकावतीने शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचे व्रत घेतले, तेव्हा पैठणच्या कोकस नावाच्या कारागिराने आधी शिखरच कोरण्याची युक्ती काढली. राजाचा कवी ज्याला विसरला, त्याला लोकांनी नाव दिले आणि बुद्धीही दिली. अलीकडे परग्रहावरून कोणी तरी येऊन हे लेणे कोरून गेले, अशा चित्रफिती भ्रमणध्वनींवर फिरतात. त्यांना हसून सोडून देणे बरे नव्हे. मागच्या भिंतींवर टाक्यांच्या खुणा आजही डोळ्यांनी दिसतात. त्या दिसत असताना हे माणसाचे काम नव्हेच असे म्हणणे, म्हणजे ताम्रपटाने गाळलेले नाव दुसऱ्यांदा गाळणे होय.

येथे स्वकीयांनाही दोन शब्द ऐकवावयास हवेत. देऊळ म्हटले की ‘सरंजामी उधळपट्टी’ म्हणून पाठ फिरविणारे कार्यकर्ते चळवळीत कमी नाहीत. त्यांनी मंदिर राजाला देऊन टाकले आहे, आणि मग राजाचे आजचे वारसदार ते घेऊन गेले तर तक्रार कोणाकडे? त्या रावणाकडे पुन्हा पाहावे. राजाज्ञेने तो पराभूताचा पुतळा असेल. पण शिल्पकाराने सर्व कसब ओतले आहे ते त्या ओझ्याखालच्या देहात, ताणलेल्या बाहूंत आणि पाठीत. दगड उचलताना शरीराचे काय होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हातून असे शिल्प घडते. जोत्यावर देवळाचा भार वाहणारे हत्तीही त्याच हातांचे. हा अर्थ राजाने सांगितला नव्हता आणि त्याला तो पुसताही आला नाही. टाकी-हातोड्याची ही विद्या ज्यांच्या घरात टिकली, ते वडार आणि पाथरवट आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत. खडी केंद्रांवर धूळ गिळीत आहेत, नाही तर बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला पाटे-वरवंटे मांडून बसले आहेत.

मंदिराच्या कामातून रोजगार मिळतो, हा युक्तिवाद उरतो. मिळतो, प्रश्न कोणत्या अटीवर, हा आहे. १९७२ च्या दुष्काळात उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील माणसे भर उन्हात खडी फोडीत होती. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली होती. त्या कामांत खोटी मस्टरे होती, मजुरी तुटपुंजी होती आणि ती वेळेवरही मिळत नसे. तरी प्रत्येक मजुराचे नाव हजेरीपटावर होते आणि नावापुढे त्याचा अंगठा होता. मोर्चा काढावयाला तेवढा कागद पुरला. वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने, आणि त्या मोर्च्यांच्या रेट्याने, १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. फत्तर तोच आणि कष्टही तेच. पण विष्टि राजाच्या मालकीची होती आणि हमीचे काम मजुराच्या हक्काचे.

जळकोट आणि परिसरातील कार्यकर्त्यांनी तुळजापूरच्या आराखड्याची प्रत मागावी. दगडकामाचे ठेके कोणाला मिळतात, त्यांत स्थानिक वडार-पाथरवटांच्या सहकारी संस्थांना वाटा आहे की नाही, मजुरांची नावे व दर कामाच्या जागी फलकावर लावणार की नाही, दगडाच्या धुळीपासून त्यांच्या छातीचे रक्षण आणि वेळोवेळी तपासणी कोण करणार, ज्यांच्या जमिनी आणि टपऱ्या रुंदीकरणात जातील त्यांना काय मिळणार, याची लेखी उत्तरे घ्यावीत. देवळाच्या जीर्णोद्धारात जो नवा चिरा बसेल, त्यावर घडविणाऱ्याचे नाव कोरले जावे अशी मागणी करावी; पट्टदकलला आठव्या शतकात जे एका स्थपतीसाठी झाले, ते एकविसाव्या शतकात सर्वांसाठी करणे ठेकेदाराला अवघड जाऊ नये. हे सर्व येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आणावे.