सीईओ नवे, फाईल जुनीच!

जिल्हा परिषदेचा सीईओ आपण निवडत नाही, निवडून दिलेले सदस्यही निवडत नाहीत. १९६१ च्या कायद्यानुसार नेमणूक राज्य सरकार करतं. ऑर्डर मंत्रालयातून निघते. २००५ च्या बदली कायद्यात एका पदावरची सर्वसाधारण मुदत ३ वर्षं आहे. पण लेखी कारण देऊन आधीच बदली करण्याची मुभाही त्यातच आहे. साहेब मध्येच गेले की शाळाखोली, अंगणवाडी, पाणी योजनेची रखडलेली फाईल नव्या साहेबांना पहिल्यापासून समजवावी लागते. हेलपाटे गावालाच. म्हणून मंडळी, स्वागताचा हार न्यालच, पण सोबत ग्रामसभेचा ठराव आणि रखडलेल्या कामांची यादी द्या, शिक्क्याची पोच घ्या. साहेब बदलतात, पोच आपल्याकडं राहते.