'माका' चूक कुणी ठरवले?

दोन वर्षांच्या मुलाला भाषा शिकवण्यासाठी कोणते कृत्रिम बुद्धीचे ॲप निवडावे, असा प्रश्न शिरोड्यातील काही सुशिक्षित पालकांनी आम्हांस केला. प्रश्नाचे नवल वाटले नाही. मुलाची आजी घरात असताना तो पडावा, याचे वाटले.

आजी 'तुका काय होया?' विचारते, मूल 'माका पाणी' म्हणते आणि पाणी मिळते. ॲप मात्र 'मला पाणी हवे' एवढ्यालाच टाळ्या वाजवणार. प्रमाण मराठी पुढे शाळेत लागेलच, असे पालक म्हणतात. लागेल ना! वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात याच गावी शिक्षक होते. त्यांच्या वर्गातील मुले घरून मालवणीच घेऊन येत.

पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना मँडरिन ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसांकडून ती बाळे त्या भाषेचे ध्वनी ओळखायला शिकली. पडद्यावरून काहीही शिकली नाहीत. आता ॲप उत्तर देते, पडदा देत नसे, असा आक्षेप येईल. मान्य. पण ॲपला तहान कळते काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या वयासाठी पडद्याला दिवसाकाठी फार तर एक तास दिला, तोही कमी असेल तितका बरा म्हणून. तरीही ॲप घ्यायचेच असेल, तर विकत घेण्याआधी आजीला त्याच्याशी मालवणीत बोलू द्यावे. तिचे बोलणे त्याला उमगले नाही, तर आमचे उत्तर पालकांना तिथेच मिळेल.